खिशातला चाकू : एक परीक्षण

जर्मनीत दहा-पंधरा वर्षे काढलेल्या मराठी घरात झोलिंगनच्या सुऱ्यांचा संच बहुधा असतोच. सुट्टीत भारतात जाताना बॅगेत चॉकलेटांच्या खाली अशीच एखादी सुरी मावशी-काकूंसाठी ठेवलेली असते. पण त्याच घरातल्या माणसांचे खिसे तपासले तर किल्ल्या, पाकीट आणि फोन निघेल. घडीचा छोटा चाकू निघणार नाही. शेजारचे जर्मन आजोबा मात्र बागेतली सुतळी तोडायला, बाकावर बसून सफरचंद कापायला किंवा पार्सलची चिकटपट्टी उघडायला सहज खिशात हात घालतात आणि चाकू काढतात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही आणि पाहणाऱ्यालाही वाटत नाही. तोच चाकू आपण काढला तर तेवढाच साधा दिसेल का?

‘स्वस्त, छोटा, रोज खिशात ठेवता येईल असा चाकू कोणता घ्यावा?’ असे मंडळातले तरुण सभासद अधूनमधून विचारतात. मी शिक्षणाने इंजिनिअर असल्यामुळे मी पोलादाचा एखादा तक्ता पुढे करीन, अशी त्यांची अपेक्षा असते. तक्ता करता येतो. पण या देशात, आणि आपल्यासारख्या माणसाच्या खिशासाठी, निवड पोलादावर ठरत नाही असे माझे मत आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी आपली बाजू पाहू. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात पाते जागेवर असते आणि भाजी त्याच्याकडे जाते. विळी पायाखाली दाबून धरायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. सुपारीला अडकित्ता, उसाला कोयता, गवताला विळा. प्रत्येक कामाचे हत्यार वेगळे आणि ते त्या कामाच्या जागीच ठेवलेले. खिशात घेऊन फिरायचे हत्यार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिंदी सिनेमातला रामपुरी, म्हणजे खलनायकाच्या हातात खटकन उघडणारा. चाकू हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि तुर्की भाषेत घडीच्या चाकूला आजही त्याच घराण्यातला शब्द आहे. शब्द आपण घेतला, पण खिशातली निरुपद्रवी वस्तू म्हणून चाकूची ओळख काही आपल्या मध्यमवर्गीय घरांत रुजली नाही.

जर्मनीत ती रुजलेली आहे. दक्षिणेकडे कामाच्या मध्ये किंवा डोंगर चढताना ब्रेड, चीज आणि काकडी खाण्याची जी पद्धत आहे, तिथे चाकू हा जेवणाचाच भाग असतो. बव्हेरियातल्या चामडी पोशाखाला मांडीपाशी चाकूसाठी वेगळा खिसा असतो. जंगलातल्या बालवाड्यांत मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली काठ्या तासतात. आपली मुले त्या बालवाडीत गेली, की चाकूचा प्रश्न घरी येतोच.

आता परीक्षणाची चौकट ठरवू. किंमत ५० युरोंच्या आत. पाते साधारण ९ सेंटिमीटरपर्यंत. कामे नेहमीची: फळ, ब्रेड, पार्सल, सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी, शर्टाचा लोंबणारा दोरा, सहलीत काकडी आणि कांदा. या यादीत लढाई, जंगलातला बचाव आणि अस्वल नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण दुकानात गेलात तर निम्मे कपाट याच तीन गोष्टींसाठी भरलेले दिसते.

या कपाटातल्या मालापासूनच सुरुवात करतो. काळे पाते, दातेरी कड, अंगठ्याने उघडण्यासाठी पात्यावर खुंटी किंवा भोक, उघडले की आपोआप बसणारे लॉक, आणि ‘टॅक्टिकल’ हे बिरुद. किंमत वीस-पंचवीस युरो, म्हणजे आपल्या चौकटीत अगदी नीट बसते. तरुणांना हाच प्रकार आवडतो. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार दोन प्रकारची आहे, एक कायद्याची आणि एक यंत्रशास्त्राची.

कायद्याची आधी. जर्मन शस्त्र कायद्याचे कलम ४२ अ १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. एका हाताने उघडता येणारा आणि उघडल्यावर लॉक होणारा चाकू, तसेच १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा न मिटणारा चाकू सार्वजनिक जागी जवळ बाळगायला या कलमाने मनाई आहे. विकत घ्यायला किंवा घरात ठेवायला ती मनाई नाही, आणि म्हणूनच असा चाकू दुकानात उघडपणे मिळतो. बंद कुलुपाच्या पेटीतून नेता येतो. नोकरी-धंद्याचे काम, खेळ, परंपरा किंवा सर्वमान्य असे कारण असेल तर सूट आहे; पण ते कारण तुम्हाला पोलिसासमोर उभे राहून पटवून द्यावे लागते. दंड १०,००० युरोंपर्यंत होऊ शकतो. नीट लक्षात घ्या, दोन्ही अटी एकत्र आल्या तरच मनाई आहे. लॉक आहे पण उघडायला दोन हात लागतात, तर या कलमात तो बसत नाही. एका हाताने उघडतो पण लॉक नाही, तरीही बसत नाही. ‘टॅक्टिकल’ चाकूत नेमक्या या दोन गोष्टी एकत्र करून त्याच गुण म्हणून विकलेल्या असतात.

यंत्रशास्त्राची तक्रार अशी. विक्रेता सांगतो, लॉक नसेल तर पाते बोटांवर मिटेल. हे अर्धेच खरे आहे. घडीचा चाकू मिटताना धार मुठीतल्या खाचेत जाते. आपण काही कापतो तेव्हा वस्तू धारेवर उलटा दाब देते, आणि तो दाब पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो. तिथे पाते टेकून थांबलेले असते. म्हणजे नुसते कापताना पाते उघडे राहण्यासाठी लॉक लागतच नाही. मुठीतली पाठीची स्प्रिंग पुरते. पाते मिटते ते पाठीवर दाब आला तर, टोकाने भोसकले तर, किंवा अडकलेले पाते हिसके देऊन ओढले तर. तेव्हा लॉक उपयोगी असते, यात वाद नाही. पण वरच्या यादीत अशी कामे जवळजवळ नाहीत. कायद्याने आखलेली रेघ आणि यंत्रशास्त्राची रेघ इथे बरीचशी एकावर एक पडते. झटकन उघडून घट्ट राहणे ही भोसकण्याच्या हत्याराची गरज आहे, सफरचंदाची नव्हे.

आता पोलाद. रॉकवेल मापनात हिऱ्याचा शंकू ठरावीक दाबाने धातूत घुसवतात आणि तो किती खोल गेला त्यावरून कठीणपणाचा आकडा काढतात. स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचा आकडा ५५ ते ५६ आहे. महागड्या चाकूंत तो ६० च्या पुढे जातो. कठीण पोलाद धार जास्त दिवस धरते, पण बोथट झाल्यावर ती परत लावायला हिऱ्याचे किंवा चांगल्या प्रतीचे दगड लागतात, आणि काठ पिरगळला तर तो तुटण्याची शक्यता जास्त. पंचावन्नच्या पोलादाला घरातल्या चिनी मातीच्या कपाच्या तळाची खडबडीत कड पुरते. प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन ठेवून दहा-बारा वेळा फिरवले की दोरा कापण्याइतकी धार येते. इथे सायकलवर चाक बसवून ‘धाऽऽर’ म्हणत गल्लीत फिरणारा कोणी नाही. जो चाकू आपल्याला घरी धारदार ठेवता येत नाही, तो स्वस्त नव्हे.

शिवाय कापण्याची सहजता आकड्यापेक्षा जाडीवर जास्त अवलंबून असते. पाते म्हणजे शेवटी पाचर. धारेमागे पाचर पातळ असेल तर गाजर कापले जाते, जाड असेल तर तडकते. ‘टॅक्टिकल’ पाती मजबुतीसाठी जाड केलेली असतात. अशा पात्याने गाजर कापून पाहावे, मग वेगळे परीक्षण लागणार नाही.

उमेदवार क्रमांक एक, फ्रान्सचा ओपिनेल. सव्वा प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली हा चाकू केला. बीच लाकडाची गोल मूठ, पातळ पाते, आणि १९५५ पासून मुठीच्या गळ्याशी फिरणारी लोखंडी कडी, जी फिरवली की पाते अडते. उघडायला नखासाठी खाच आहे आणि दोन हात लागतात. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आहे. किंमत साधारण दहा ते पंधरा युरो. कापण्यात हा सर्वांच्या पुढे आहे आणि हरवला तर डोळ्यांत पाणी येत नाही. दोष दोन. बीचचे लाकूड ओलाव्याने फुगते आणि पाते मुठीत आवळले जाते. जुलैमध्ये कोकणात घेऊन जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. दुसरे म्हणजे कार्बन पोलादाचे पाते कैरी, लिंबू, कांदा यांच्या संगतीत काळे पडते आणि पुसले नाही तर गंजते. जुन्या विळीचे पातेही असेच काळवंडायचे आणि आजीला त्याचे काही वाटत नसे. ज्याला वाटते त्याने याच चाकूचा स्टेनलेस प्रकार घ्यावा.

क्रमांक दोन, झोलिंगनचा मर्काटर. काळ्या रंगाच्या दुमडलेल्या पत्र्याची चपटी मूठ, तिच्यावर उडी मारणारे मांजर आणि ‘के ५५ के’ ही अक्षरे. पूर्वी तो काउफमान यांच्या कारखान्यात होत असे, आता झोलिंगनचीच ओटर ही कंपनी करते. पाते नऊ सेंटिमीटरचे, पाठीवर लॉकची कळ, पण उघडायला दोन हातच लागतात. किंमत ५० च्या आत. इतका चपटा, की खिशात आहे हे जाणवत नाही. एखाद्या वस्तूतून काढून टाकण्यासारखे काहीच उरले नाही की ती कशी दिसते, याचा हा चाकू उत्तम नमुना आहे. मला तो मनापासून आवडतो. तरीही रोजच्या खिशासाठी मी तो सुचवणार नाही. काळी मूठ, लांब टोकदार पाते आणि लॉक, हे सगळे कायद्यात बसत असले तरी समोरच्याच्या डोळ्यांत बसेलच असे नाही.

क्रमांक तीन, व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये श्वित्झ प्रांतातल्या इबाख गावी कारखाना काढला. स्विस सैन्याने सैनिकी चाकू ठरवला तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये तेवढे उत्पादन होत नव्हते, म्हणून पहिले चाकू झोलिंगनहून आले. ते काम देशात आणण्यासाठी एल्सेनर झटले आणि १८९१ मध्ये त्यांनी सैन्याला पुरवठा सुरू केला. प्रसिद्ध अधिकारी-चाकू १८९७ चा. आईचे नाव व्हिक्टोरिया, तिच्या निधनानंतर ते कारखान्याला दिले, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आल्यावर त्याला ‘इनॉक्स’ जोडले. यातले तीन आकार आपल्या कामाचे. ५८ मिलिमीटरचा ‘क्लासिक’ किल्ल्यांना लावता येतो आणि त्याची कात्री पात्यापेक्षा जास्त वापरली जाते. ८४ मिलिमीटरचा ‘कॅडेट’, ॲल्युमिनियमच्या मुठीचा, चपटा. ९१ मिलिमीटरचा ‘स्पार्टन’, लाल मुठीचा, तीस युरोंच्या आसपास. कशालाही लॉक नाही आणि उघडायला नख लागते. कापण्यात हे चाकू ओपिनेलच्या एक पायरी खाली आहेत. मुठीत एका जागी बूच काढायचा स्क्रू आणि डबा उघडायचे हत्यार भरल्यामुळे हाताला ते तितके सुखाचे नाहीत. पण गंज नाही, फुगणे नाही, आणि धार कपाच्या तळावर येते.

माझा कौल ‘स्पार्टन’ला किंवा ‘कॅडेट’ला. त्याचे मुख्य कारण मात्र अजून सांगितलेले नाही. त्यासाठी झोलिंगन शहराकडे वळावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात झोलिंगनचे काही कारखानदार आपल्या मालावर इंग्लंडच्या शेफील्डचे नाव ठोकून विकत. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी १८८७ मध्ये ब्रिटिशांनी परदेशी मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती केली, आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द शिक्षा म्हणून जन्माला आले. पुढे तेच मानाचे झाले आणि १९३८ मध्ये झोलिंगनचे नाव इतरांनी वापरू नये म्हणून जर्मनीलाच कायदा करावा लागला. नावाची पत अशी वर-खाली होते. आपल्या पिढीच्या परदेशी माणसाला मात्र झोलिंगन म्हटले की पोलादाआधी दोन तारखा आठवतात. २९ मे १९९३ रोजी तिथे एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले आणि पाच मुली व स्त्रिया मरण पावल्या. आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी, शहराच्या साडेसहाशेव्या वर्धापनाच्या उत्सवात, सीरियातून आश्रयासाठी आलेल्या एका माणसाने चाकूने तिघांचा जीव घेतला आणि आठ जणांना जखमी केले. पहिल्या वेळी परदेशी माणूस बळी होता. दुसऱ्या वेळी मारणारा परदेशी होता, आणि त्यानंतर चाकू आणि परदेशी चेहरा ही जोडी देशभर चर्चेचा विषय झाली.

त्या हल्ल्यानंतर कायदा बदलला. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून जत्रा, लोकोत्सव, क्रीडा सामने, प्रदर्शने, बाजार अशा सार्वजनिक कार्यक्रमांत चाकू बाळगायला बंदी आहे, पाते कितीही लहान असो. लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि बंदिस्त स्थानकांतही तीच बंदी आहे. खटक्याच्या चाकूंवर, थोडे अपवाद सोडता, पूर्णच बंदी आली. हाम्बुर्गने डिसेंबर २०२४ पासून आणि बर्लिनने जुलै २०२५ पासून शहरातल्या बस-रेल्वेसाठीही स्वतःचे नियम केले. म्हणजे नाताळच्या बाजारात तुमचा छोटा स्विस चाकूही चालणार नाही. एक सोय ठेवली आहे. चाकू एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना तो सहज हाती लागणार नाही असा ठेवला, तर चालते. सहज म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे: तीनपेक्षा जास्त हालचाली केल्याशिवाय हातात येता कामा नये. पाठपिशवीत, आतल्या कप्प्यात, बंद डब्यात, असे समजा.

या बंदीच्या जागी पोलिसांना संशय नसतानाही झडती घेता येते. केवळ वंश किंवा मूळ देश पाहून, सबळ कारणाशिवाय माणूस निवडू नये, असे कायद्यातच लिहिले आहे. ते लिहावे लागले, यातच काय ते आले. फ्रँकफुर्टच्या स्थानकावर शेजारच्या आजोबांची पिशवी आधी उघडली जाईल की आपल्या मुलाची, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून करावा.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की या देशात आपल्यासाठी चाकूची पहिली कसोटी धार नाही, पोलाद नाही, किंमतही नाही. तो उघडल्यावर पाहणाऱ्याला काय दिसते, ही आहे. लाल मूठ, पांढरा क्रॉस, शेजारी बूच काढायचा स्क्रू: हे पाहिल्यावर कोणालाही सहल आठवते. काळे दातेरी पाते पाहिल्यावर बातम्या आठवतात. पंचवीस युरोंच्या दोन वस्तूंमध्ये एवढा फरक असेल, तर तो परीक्षणात सर्वांत वर लिहायला हवा. कोणतेही मासिक तो लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो प्रश्न पडलेला नसतो.

यावर कोणी म्हणेल, एवढा विचार करायचा तर चाकू ठेवावाच कशाला? घरातली कात्री आहे, दुकानात कापलेले फळ मिळते. हा आक्षेप हलका नाही. नागरिकत्वाचा अर्ज टेबलावर असताना कशाला विषाची परीक्षा, असे मलाही अनेकांनी सांगितले आहे. शहरात रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्याने आणि स्थानकातून फिरणाऱ्याने चाकू घरीच ठेवावा, हे मला मान्य आहे. पण साध्या, कायदेशीर, उपयोगी वस्तूवरचा आपला हक्क केवळ आपला चेहरा वेगळा आहे म्हणून आपणच सोडून द्यावा, हे मला मान्य नाही. शेजाऱ्याच्या बागेत, डोंगरावरच्या वाटेवर, मुलांच्या सहलीत सफरचंद कापून आठ जणांत वाटणारा माणूस हा तिथलाच माणूस असतो. ती जागा कोणी आणून देत नाही.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. मुलांसाठी व्हिक्टोरिनॉक्स आणि ओपिनेल या दोघांचेही गोल टोकाचे चाकू मिळतात. लहान हातांसाठी लॉक खरोखर उपयोगाचे आहे, कारण मुले कापतात कमी आणि टोचतात जास्त. म्हणून तिथे कडीचा ओपिनेल घ्यावा. शाळेत न्यायचा असेल तर शाळेची नियमावली आधी वाचावी. विमानात, युरोपच्या नियमाप्रमाणे ६ सेंटिमीटरपर्यंतचे पाते हातातल्या बॅगेत चालते, पण भारतातून परतताना केबिनमध्ये चाकू चालत नाही. किल्ल्यांना लावलेला ‘क्लासिक’ मुंबईच्या तपासणीत जाईल. तो आधीच सामानाच्या बॅगेत टाकावा. आणि जो घ्याल तो झाकल्या मुठीने देऊ नका: मुलाला दिलात तर कलम ४२ अ सुद्धा समजावून द्या, धार कशी लावायची ते दाखवा, आणि पुढे करताना मूठ समोरच्याकडे असावी हे शिकवा.